सार्वजनिक जीवनातील स्वमग्न स्त्रिया आणि सामाजिक मुखवटा

स्वमग्न व्यक्तीने आपली स्वाभाविक वर्तनवैशिष्ट्ये झाकून, इतरांच्या वागण्याचे निरीक्षण, अनुकरण आणि पाठांतर करून चारचौघांसारखे दिसण्यासाठी केलेल्या जाणत्या किंवा अजाणत्या प्रयत्नाला सामाजिक मुखवटा असे म्हणतात. यासाठी मास्किंग आणि कॅमोफ्लाजिंग या संज्ञाही वापरल्या जातात. असा प्रयत्न स्त्रिया आणि पुरुष दोघांतही आढळतो. मात्र स्त्रियांमध्ये तो अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले असून, स्त्रियांमधील स्वमग्नतेचे निदान उशिरा होण्याचे किंवा मुळीच न होण्याचे ते एक प्रमुख कारण मानले जाते. इ.स. २०१० नंतर अभिनय, संगीत, दूरचित्रवाणी, विनोदी रंगमंच आणि सार्वजनिक चळवळी या क्षेत्रांतील काही प्रसिद्ध स्त्रियांनी आपले निदान जाहीर केले. त्यामुळे हा विषय वैद्यकीय नियतकालिकांबाहेर पडून सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

प्रस्तुत लेखात ज्यांनी स्वतःच आपले निदान जाहीर केले आहे अशाच स्त्रियांचा विचार केला आहे.

संज्ञा

ऑटिझम ही संज्ञा ग्रीक भाषेतील 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून आली. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ती विसाव्या शतकाच्या आरंभी छिन्नमनस्कतेच्या संदर्भात प्रथम वापरली. मराठीत तिच्यासाठी 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. तो अर्थवाही असला तरी प्रस्तुत विषयापुरता काहीसा फसवा ठरतो. मुखवटा वापरणारी स्त्री स्वतःत बुडालेली नसते. तिचे लक्ष सतत समोरच्याच्या चेहऱ्यावर, आवाजाच्या चढउतारावर आणि पुढे काय बोलावयाचे यावर खिळलेले असते.

कलंक मानल्या गेलेल्या गोष्टी लपवून माणसे 'सर्वसाधारण' म्हणून कशी खपून जातात, याचे विवेचन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी इ.स. १९६३ च्या 'स्टिग्मा' या ग्रंथात केले होते. स्वमग्नतेच्या संदर्भातील मुखवट्याच्या अलीकडील मांडणीत या विवेचनाचा आधार घेतला जातो.

निदानाच्या इतिहासातील स्त्रिया

सोव्हिएत बालमनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी इ.स. १९२० च्या दशकात, आज स्वमग्नतेत मोडतील अशा लक्षणांच्या मुलांचे तपशीलवार वर्णन केले. मुलग्यांवरील लेखानंतर त्यांनी मुलींवरही स्वतंत्रपणे लिहिले आणि दोघांतील फरक नोंदवले. हे काम पश्चिमेत दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. इ.स. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी प्रसिद्ध केलेल्या पायाभूत लेखातील ११ मुलांपैकी ३ मुली होत्या. पुढील वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी सविस्तर वर्णिलेली चारही उदाहरणे मुलग्यांची होती आणि मुलींमध्ये हे चित्र पूर्णपणे उमटलेले आपणांस आढळले नाही, असे त्यांनी नमूद केले. (आस्परगर यांच्या नात्झी राजवटीशी असलेल्या सहकार्याचे पुरावे पुढे आल्यानंतर त्यांच्या नावाची संज्ञा अनेक जण टाळतात. निदानपुस्तिकेतून ती त्याआधीच, इ.स. २०१३ मध्ये, वगळण्यात आली होती. या लेखात ती केवळ तत्कालीन निदानाचे नाव म्हणून येते.)

यातून एक दुष्टचक्र निर्माण झाले. निकष प्रामुख्याने मुलग्यांवरून ठरले, त्या निकषांत मुली बसल्या नाहीत आणि मुली सापडत नाहीत म्हणून स्वमग्नता ही मुख्यतः मुलग्यांची अवस्था मानली गेली. चार मुलग्यांमागे एक मुलगी हे प्रमाण दीर्घकाळ प्रचलित होते. इ.स. २०१७ मध्ये रेचेल लूम्स, लॉरा हल आणि विल्यम मँडी यांनी ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात हे प्रमाण तीनास एक याच्या जवळ असल्याचे आढळले. आधी झालेल्या निदानांवर विसंबून न राहता लोकसंख्येत प्रत्यक्ष शोध घेणाऱ्या अभ्यासांत मुलींचे प्रमाण अधिक होते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या इ.स. २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत, पुढील आयुष्यात शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे लक्षणे झाकली जाऊ शकतात, असा स्पष्ट उल्लेख आला.

मुखवट्याचे स्वरूप

मुलींचा मुखवटा शाळेच्या मैदानावरच दिसू लागतो, किंबहुना दिसेनासा होतो. इ.स. २०१७ मध्ये मिशेल डीन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील शाळांत मधल्या सुट्टीचे निरीक्षण केले. स्वमग्न मुलगे बहुधा एकटे खेळत, त्यामुळे ते चटकन नजरेत येत. स्वमग्न मुली मात्र इतर मुलींच्या आसपास राहत, खेळात शिरत, बाहेर पडत आणि पुन्हा शिरत. दुरून पाहणाऱ्या शिक्षकाला त्या घोळक्यातल्याच वाटत. प्रत्यक्षात त्या घोळक्याच्या कडेवर असत.

प्रौढ वयातील मुखवटा अधिक गुंतागुंतीचा असतो. समोरच्याच्या डोळ्यांऐवजी भुवयांमध्ये पाहणे, संभाषणाची वाक्ये आधी मनाशी घोकून ठेवणे, मालिकांतील पात्रांची हसण्याची किंवा हातवारे करण्याची लकब उचलणे, हात हलवणे किंवा अंग डोलवणे यांसारख्या मन शांत करणाऱ्या हालचाली दाबून ठेवणे, प्रखर दिवे व गोंगाट असह्य होत असतानाही चेहरा निर्विकार ठेवणे, अशा गोष्टींचे वर्णन स्वमग्न स्त्रिया वारंवार करतात. लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी इ.स. २०१७ मध्ये ९२ स्वमग्न प्रौढांची निवेदने अभ्यासली व त्यांच्या आधारे पुढे २५ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. तीत मुखवट्याचे तीन घटक मानले आहेत: सामाजिक अडचणींची शिकलेल्या युक्त्यांनी भरपाई करणे, आपली वैशिष्ट्ये झाकणे आणि मनाविरुद्ध इतरांत मिसळणे. या प्रश्नावलीवर आधारित इ.स. २०२० च्या अभ्यासात झाकणे व मिसळणे या दोन घटकांत स्वमग्न स्त्रियांचे गुण स्वमग्न पुरुषांपेक्षा अधिक आढळले. भरपाईच्या घटकात तसा फरक दिसला नाही.

प्रसिद्धी आणि मुखवटा

जी स्त्री हजारो प्रेक्षकांसमोर सहज वावरते तिला सामाजिक व्यवहाराची अडचण कशी असेल, ही शंका अशा प्रत्येक जाहीर निवेदनानंतर घेतली जाते. परंतु रंगमंच, कॅमेरा किंवा व्यासपीठ हा सामाजिक व्यवहाराचा सर्वाधिक आखीव प्रकार आहे. संवाद लिहून दिलेले असतात, कोठे उभे राहावयाचे हे ठरलेले असते, आपली पाळी केव्हा येणार हे ठाऊक असते आणि संभाषण केव्हा संपणार हेही. अडचण येते ती पडदा पडल्यानंतर: मेजवानीत, मार्गिकेत, रंगभूषेच्या खोलीतील अघळपघळ गप्पांत. म्हणून जाहीर सादरीकरणातील कौशल्य हा स्वमग्नतेविरुद्धचा पुरावा ठरत नाही.

या विषयावरील आरंभीचे महत्त्वाचे लेखन आत्मचरित्रांतून आले. अमेरिकन पशुविज्ञान संशोधक टेंपल ग्रँडिन (जन्म इ.स. १९४७) यांचे पहिले आत्मचरित्र इ.स. १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांच्या वागण्याचे नियम आपण परक्या संस्कृतीचा अभ्यास केल्याप्रमाणे शिकलो, असे त्या सांगत. मंगळावरील मानववंशशास्त्रज्ञासारखे वाटते, या त्यांच्या उद्गारावरून ऑलिव्हर सॅक्स यांच्या इ.स. १९९५ च्या पुस्तकाला नाव मिळाले. ऑस्ट्रेलियन लेखिका डॉना विल्यम्स (इ.स. १९६३–२०१७) यांच्या 'नोबडी नोव्हेअर' (इ.स. १९९२) या पुस्तकात मुखवटा अक्षरशः स्वतंत्र व्यक्ती होऊन येतो. लहानपणी बागेत भेटलेल्या एका मुलीवरून त्यांनी 'कॅरोल' हे हसरे, बोलके, सर्वांना आवडणारे रूप घडवले आणि जगाशी बोलण्याचे काम तिच्याकडे सोपवले. त्या काळी मुखवट्याविषयी कोणतीही प्रश्नावली नव्हती. नंतरच्या संशोधनात आलेल्या बहुतेक गोष्टी मात्र या पुस्तकात आधीच सापडतात. अमेरिकन लेखिका लिआन हॉलिडे विली यांना आपल्या मुलीच्या निदानातून स्वतःची ओळख पटली. इ.स. १९९९ मधील त्यांच्या पुस्तकाचे 'प्रिटेंडिंग टू बी नॉर्मल' हे नावच 'सर्वसामान्य असण्याचे सोंग' असा अर्थ सांगते.

'ब्लेड रनर' (इ.स. १९८२) आणि 'स्प्लॅश' (इ.स. १९८४) या चित्रपटांतील अभिनेत्री डॅरिल हॅना यांचे निदान बालपणीच झाले होते. तरीही चित्रपटसृष्टीत त्यांनी ते दीर्घकाळ गुप्त ठेवले आणि इ.स. २०१३ मधील एका मुलाखतीत जाहीर केले. चित्रपटांचे पहिले खेळ आणि दूरचित्रवाणीवरील गप्पांचे कार्यक्रम भीतीपोटी टाळल्याचे त्यांनी सांगितले. कॅमेऱ्यासमोरील काम जमत होते, पण त्या कामाची जाहिरात करणे जमत नव्हते आणि चित्रपटव्यवसायात या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

स्कॉटिश गायिका सुझन बॉइल यांचे उदाहरण मुखवटा नसण्याचे आहे. एप्रिल २००९ मध्ये प्रसारित झालेल्या भागात ब्रिटनमधील एका गुणदर्शन स्पर्धेच्या मंचावर त्या आल्या तेव्हा त्यांचे बोलणे व वावरणे पाहून प्रेक्षकांत हशा पिकला, डोळे फिरवले गेले. त्यांनी गाणे सुरू केल्यावर तोच प्रेक्षकवर्ग उभा राहिला. हे दृश्य जगभर पाहिले गेले ते कौतुकाचा क्षण म्हणून. त्याआधीच्या हशाची चर्चा फारशी झाली नाही. मे महिन्यातील अंतिम फेरीनंतर अतिश्रमामुळे त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाल्याचे त्यांना लहानपणापासून सांगण्यात आले होते. डिसेंबर २०१३ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, आपल्याला आस्परगर संलक्षण असल्याचे निदान झाल्याचे त्यांनी जाहीर केले. जुन्या शिक्क्याऐवजी योग्य नाव मिळाल्याने सुटका झाल्यासारखे वाटते, अशी त्यांची प्रतिक्रिया होती.

यानंतर ब्रिटनमधील दूरचित्रवाणीशी संबंधित अनेक स्त्रियांनी प्रौढ वयातील निदान जाहीर केले. 'द चेस' या प्रश्नमंजूषेतील ॲन हेगर्टी यांनी इ.स. २०१८ मध्ये जंगलात चित्रित होणाऱ्या एका लोकप्रिय कार्यक्रमात सहस्पर्धकांना आपले निदान सांगितले. निवेदिका मेलनी साइक्स यांचे निदान इ.स. २०२१ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी झाले. त्याच वर्षी क्रिस्टीन मॅकगिनेस यांचेही निदान झाले. या माजी मॉडेलच्या तिन्ही मुलांची स्वमग्नता आधीच निश्चित झाली होती आणि आईचे निदान त्यानंतर, वयाच्या ३३ व्या वर्षी झाले. इ.स. २०२३ मध्ये बीबीसीवर आलेल्या त्यांच्या माहितीपटाच्या नावातच मुखवटा उतरवण्याचा उल्लेख आहे. मुलांच्या निदानातून आईचे निदान होणे हा क्रम सामान्य स्त्रियांच्या निवेदनांतही वारंवार आढळतो. डॉक्टरांच्या प्रश्नांची मुलाच्या वतीने उत्तरे देताना, ही तर आपलीच गोष्ट आहे, असे आईच्या लक्षात येते.

स्कॉटिश विनोदकार फर्न ब्रेडी यांनी 'स्ट्राँग फीमेल कॅरेक्टर' (इ.स. २०२३) या आत्मकथनात दुसरी बाजू मांडली आहे. तरुणपणी स्वतःच्या स्वमग्नतेची शंका त्यांनी स्वतःहून व्यक्त केली होती. परंतु त्या नजरेला नजर देतात आणि त्यांना प्रियकर आहे, या कारणास्तव ती फेटाळली गेली. शिकून घेतलेल्या वागण्यालाच निदानाविरुद्धचा पुरावा मानले गेले. निदान होण्यास इ.स. २०२१ उजाडले. या पुस्तकाला नीरो पुरस्कारांच्या पहिल्या वर्षी ललितेतर विभागाचा पुरस्कार मिळाला.

ऑस्ट्रेलियन गायिका सिया यांच्या 'म्युझिक' (इ.स. २०२१) या चित्रपटात स्वमग्न मुलीची भूमिका स्वमग्न नसलेल्या अभिनेत्रीने केली होती. त्यावर स्वमग्न समुदायाने कडक टीका केली. मे २०२३ मध्ये सिया यांनी आपण स्वतः स्वमग्नतेच्या वर्णपटावर असल्याचे सांगितले. पंचेचाळीस वर्षे आपण रोज 'माणसाचा पोशाख' चढवून वावरत होतो, अशा आशयाचे वर्णन त्यांनी केले. मंचावर चेहरा झाकणारे केसांचे टोप त्या आधीपासून वापरत असत, परंतु त्याचे कारण त्यांनी प्रसिद्धीपासून बचाव असे दिले होते. त्याचा संबंध परस्पर स्वमग्नतेशी जोडणे योग्य होणार नाही.

स्वीडिश हवामान कार्यकर्त्या ग्रेटा थुनबर्ग (जन्म इ.स. २००३) या बाबतीत वेगळ्या ठरतात. इ.स. २०१८ मध्ये स्वीडनच्या संसदेबाहेर एकटीने धरणे धरल्यापासूनच त्यांनी आपले निदान लपवले नाही. इ.स. २०१९ मध्ये तर योग्य परिस्थितीत हे वेगळेपण ही एक महाशक्ती ठरते, अशी भूमिका त्यांनी घेतली. न हसणे, औपचारिक गोडवा न दाखवणे, एकाच विषयाला धरून राहणे ही त्यांची सार्वजनिक प्रतिमा आहे. याची किंमतही त्यांनी मोजली. त्यांचा चेहरा आणि आवाज यांची जाहीर टवाळी झाली. अमेरिकेतील एका वृत्तवाहिनीवरील पाहुण्याने त्यांना मनोरुग्ण म्हटल्यानंतर वाहिनीला माफी मागावी लागली. सुझन बॉइल आणि थुनबर्ग ही दोन उदाहरणे एकत्र पाहिली असता बाकीच्या स्त्रिया मुखवटा का चढवतात, याचा वेगळा खुलासा करावा लागत नाही.

परिणाम

दीर्घकाळच्या मुखवट्याचा सर्वांत सामान्य परिणाम थकवा हा आहे. दिवसभर इतरांत वावरल्यानंतर घरी येऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहणे, बोलणे थांबणे, नेहमीची कामेही न जमणे असे त्याचे स्वरूप असते. ही अवस्था महिनोन्महिने टिकून आधी येत असलेली कौशल्येही गळून पडू लागली, तर तिला ऑटिस्टिक बर्नआउट असे म्हणतात. इ.स. २०२० मध्ये डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांनी या संज्ञेची संशोधनाधारित व्याख्या केली.

ब्रिटनमधील सॅरा कॅसिडी आणि सहकाऱ्यांच्या इ.स. २०१८ च्या अभ्यासात मुखवट्याचे प्रमाण आणि आत्महत्येची प्रवृत्ती यांत संबंध आढळला. उशिरा निदान झालेल्या १४ स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारित इ.स. २०१६ च्या अभ्यासात, दुसऱ्यांना राजी ठेवण्याची लागलेली सवय आणि समोरच्याचा हेतू न ओळखता येणे यांमुळे अनेकींच्या वाट्याला लैंगिक अत्याचार आल्याची नोंद आहे. चुकीचे निदान हा आणखी एक परिणाम होय. नैराश्य, चिंताविकार, बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार अशी लेबले आधी लागतात. ॲनोरेक्झिया या आहारविकाराशी असलेल्या संबंधाचा प्रश्न स्वीडिश तज्ज्ञ क्रिस्तोफर गिलबर्ग यांनी इ.स. १९८० च्या दशकातच उपस्थित केला होता.

मतभेद

चारचौघांत वेगळे वागणे हे सर्वच माणसे करतात, मग याला वेगळे नाव कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो. त्यावर स्वमग्न लेखिकांचे उत्तर असे की फरक प्रमाणाचा आणि पर्यायाचा आहे. इतरांना थकल्यावर मुखवटा काढता येतो, आणि तो काढल्याने त्यांची नोकरी जात नाही. मापनाविषयीचे आक्षेप अधिक गंभीर आहेत. प्रश्नावली स्वनिवेदनावर अवलंबून असल्याने ज्यांना आपल्या मुखवट्याची जाणीव नाही किंवा ज्यांना बोलता-लिहिता येत नाही, अशांची नोंद तीत होत नाही. 'स्त्रियांची स्वमग्नता' असा वेगळा प्रकार मानण्यासही काहींचा विरोध आहे, कारण अनेक पुरुष आणि अन्य लिंगभाव असलेल्या व्यक्तीही मुखवटा वापरतात.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी इ.स. २०१२ मध्ये दुहेरी सहानुभूतीची समस्या ही कल्पना मांडली. तीनुसार स्वमग्न आणि इतर व्यक्तींमधील गैरसमज दोन्ही बाजूंनी होतात. असे असताना जुळवून घेण्याचे काम मात्र एकाच बाजूकडे येते.

प्रसिद्ध स्त्रियांच्या निवेदनांमुळे एक नवा पक्षपातही निर्माण होतो. जाहीरपणे बोलणाऱ्या बहुतेक स्त्रिया पाश्चात्त्य, वाक्पटू आणि स्वतंत्रपणे जगू शकणाऱ्या आहेत. ज्यांच्या घरात अखंड देखभालीची गरज असलेली स्वमग्न मुलगी आहे, त्या पालकांना ही प्रतिमा आपल्या अनुभवापासून दूरची वाटते, आणि ही तक्रार निराधार नाही. हयात नसलेल्या लेखिका वा शास्त्रज्ञांवर चरित्राच्या आधारे निदान लादण्याची प्रथाही याच काळात वाढली. प्रत्यक्ष तपासणीशिवाय केलेल्या अशा निदानांना वैद्यकीय मूल्य नाही.

चित्रपट व मालिका

पडद्यावरील स्वमग्न पात्रे बराच काळ पुरुषांचीच होती. इ.स. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'हार्टब्रेक हाय' या ऑस्ट्रेलियन मालिकेत क्विनी या स्वमग्न मुलीची भूमिका स्वतः स्वमग्न असलेल्या क्लोई हेडन यांनी केली. मुखवटा चढवणे आणि त्यानंतर कोलमडणे या दोन्ही गोष्टी तीत दाखवल्या आहेत. हिंदी चित्रपटांत 'माय नेम इज खान' (इ.स. २०१०) मधील नायक आणि 'बर्फी!' (इ.स. २०१२) मधील झिलमिल ही पात्रे परिचित आहेत. दोघांचेही वेगळेपण प्रेक्षकाला पहिल्या क्षणी दिसावे, अशी त्यांची रचना आहे. न दिसणारी स्वमग्नता अशा पात्रांत येऊ शकत नाही.

भारतातील स्थिती

भारतात इ.स. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला. पुढे इ.स. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिचा स्वतंत्र उल्लेख आला. प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय मापनश्रेणीत ४० बाबी असून ७० पेक्षा कमी गुण आल्यास स्वमग्नता नाही असे मानले जाते. नजरेला नजर न देणे, एकटे राहणे, विचित्र हालचाली करणे अशा बाहेरून दिसणाऱ्या वर्तनावर यातील बऱ्याच बाबी आधारलेल्या आहेत. नेमक्या याच गोष्टी मुखवटा झाकतो. त्यामुळे तो यशस्वीपणे चढवणाऱ्या प्रौढ स्त्रीचे गुण कमी येण्याची शक्यता राहते.

मराठी घरांत अशा मुलीसाठी शब्दांची कमतरता कधीच नव्हती. अबोल, घुमी, एकलकोंडी, लाजाळू हे लहानपणीचे शब्द आणि शिष्ट, माणूसघाणी हे लग्नानंतरचे. पाहुण्यांसमोर नीट बस, हसून बोल, मोठ्यांना उलट प्रश्न विचारू नकोस, ही शिकवण मुलीला मुलग्यापेक्षा आधी आणि अधिक काटेकोरपणे मिळते. ती पाळणारी मुलगी गुणी ठरते आणि तिला पडणाऱ्या कष्टांची चौकशी होत नाही. सासरच्या मोठ्या कुटुंबात गोंगाट, सततची वर्दळ आणि न सांगितलेले नियम एकदम अंगावर येतात, तेव्हा ही शिकवण अपुरी पडते. अशा वेळी तिला समुपदेशकाकडे नेले तर बहुधा नैराश्यासाठी किंवा वैवाहिक तक्रारीसाठी नेले जाते.